माझ्या ताटातलं मीठ

२०२५ साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आणि माझी नात स्नेहल चोवीस वर्षांची. फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. कामोठ्याच्या आमच्या घरात गॅलरीत ऊन येतं, तिथं बसून मी सुकट निवडत होतो. डोकी काढायची, शेपट्या काढायच्या, मधेच शिंपल्याचा तुकडा आला तर बाजूला टाकायचा. दोन दिवसांपूर्वी मुंबईच्या हॉस्पिटलातून तिनंच फोनवर हुकूम सोडला होता, "आजा, मी घरी आले की सुकटीची चटणी पाहिजे. खोबरं जास्त. आणि निवडताना चष्मा लावा, मागच्या वेळी दाताखाली वाळू आली होती." म्हणून चष्मा लावून बसलो होतो. फोनवर माझा मुलगा नरेश होता. त्याचा आवाज नीट येत नव्हता. मी म्हणालो, "मोठ्यानं बोल रे." तो म्हणाला, "बाबा, स्नेहल गेली." मी विचारलं, "कुठं?"

चोवीस वर्षांच्या पोरीबद्दल कुणी 'गेली' म्हणालं तर माणूस 'कुठं' असंच विचारणार... मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी उरलेली सुकट निवडून पुरी केली. शेजारची बाई धावत आली, तिला वाटलं म्हाताऱ्याला अजून बातमी पोचली नाही. पोचली होती. पण हातातलं काम पोरीनं सांगितलेलं होतं.

आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, पेपरच्या पुरवणीत लिहिणारा नव्हे. पण दोन गोष्टी माझ्याशिवाय कुणी लिहिणार नाही. एक, ही पोरगी कशी जगली. दुसरी, तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती असेपर्यंत मी ती दिली नाही. पहिली सांगायला मला अभिमान वाटतो. दुसरी सांगितल्याशिवाय पहिली खरी ठरत नाही.

आमचं मिठागर होतं उरणच्या बाजूला, खाडीला लागून. आता तिथं कंटेनर उभे असतात. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं, मग मीठ धरतं. वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून, थापून अशी घट्ट करायची की पाणी खाली जिरता कामा नये. बांध फुटला की वर्षाची मेहनत गेली. वयाच्या दहाव्या वर्षापासून मी हे केलं. मीठ जिभेवर ठेवून कुठल्या वाफ्यातलं ते सांगायचो. लोक डोळे बांधून परीक्षा घ्यायचे आणि हरायचे. मिठाबद्दल मला कुणी शिकवलेलं मी कधी ऐकून घेतलं नाही. हेच मुळात नडलं.

स्नेहल जन्मली २००१ साली. माझी सून संगीता, उरणची, मासळीवाल्यांची लेक, कमी बोलणारी. पोर दोन महिन्यांची असेल, ती म्हणाली, "बाबा, हिची पापी घेतली की ओठाला मीठ लागतं." मी पोरीच्या कपाळावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खरंच खारट. घाम सगळ्यांचाच खारट असतो, पण हा वेगळा होता. वाफ्यात मीठ धरायच्या आदल्या दिवशी पाणी जसं लागतं तसा. आणि मी काय केलं? हसलो. "लागनारच! मिठागरवाल्याची नात हाय ती. आपलंच मीठ हाय अंगात." हे मी नाक्यावर, देवळात, लग्नाच्या मांडवात सांगत सुटलो. सगळ्या पंचक्रोशीत मिठाची जीभ असलेला मी एकटा, आणि आजार माझ्या जिभेवर येऊन बसला होता तर मला त्याचं कौतुक वाटलं. डॉक्टर लोक त्याच खारट घामाची तपासणी करून हा आजार ओळखतात, हे पुढं कळलं.

पोर खायची, पण अंगाला लागत नव्हतं. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढं. शी तेलकट, वास असा की शेजारी दार लावून घेत. खोकला कायम. मी घरातला मोठा माणूस, निकाल दिला. तेलकट पडतंय तर तेल-तूप बंद. पातळ पेज द्या. आणि अंगात मीठ आधीच जास्त झालंय, अंगातून बाहेर पडतंय, तर मीठसुद्धा बंद. संगीता एकदाच म्हणाली, "बाबा, अळणी पेज ती थुंकते." मी म्हणालो, "थुंकू दे. सवय व्हईल." आमच्या घरात मी बोललो की विषय संपायचा.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पोरगी मलूल झाली. डोळे आत गेले, मान टाकली. पनवेलला एका दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "हिच्या अंगात मीठच उरलेलं नाही. हिला मीठ बंद कुणी केलं?" नरेश औषध आणायला गेला होता. बाकावर मी आणि संगीता. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत राहिलो. संगीता म्हणाली, "मी."

डॉक्टर तिला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. तिनं खाली मान घालून ऐकलं. मी तिथंच होतो.

पुढं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं आजाराचं नाव कळलं, सिस्टिक फायब्रोसिस. मला ते आजही एका दमात म्हणता येत नाही. स्नेहल म्हणायची, "आजा, तुम्ही नुसतं सी. एफ. म्हणा, कवळी पडेल." तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते मला लगेच समजलं, कारण त्या माझ्याच धंद्याची भाषा बोलत होत्या. अंगातले पातळ रस या पोरांमध्ये चिकट, घट्ट होतात. पोटात जेवण पचवणारा रस नळीतच अडकतो, म्हणून तेल-तूप पोटात गेलं तरी अंगाला न लागता तसंच बाहेर पडतं. फुप्फुसात तोच चिकटा साठतो, त्यात जंतू घर करतात. आणि घामातून मीठ वाहून जातं. अंगात जास्त झालं म्हणून ते बाहेर येत नव्हतं, धरून ठेवणारंच काही नव्हतं... बांध फुटला होता. आणि मी, जन्मभर बांध राखलेला माणूस, फुटक्या बांधाच्या वाफ्यात येणारं पाणी बंद करून बसलो होतो.

उपाय निघाला माझ्या हुकमाच्या नेमका उलटा. मीठ जास्त, उन्हाळ्यात तर आणखी जास्त. तूप, तेल, खोबरं, अंडी सगळं द्या, इतर पोरांहून जास्त द्या, पण प्रत्येक खाण्याच्या सुरुवातीला पाचक कॅप्सूल द्या, म्हणजे ते पचेल. वजन वाढलं तर फुप्फुसं लढतील. परतीच्या गाडीत संगीताच्या मांडीवर पोरगी झोपली होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि खिडकीबाहेर बघून म्हणालो, "मानखुर्दला गर्दी लय वाढली." संगीता म्हणाली, "हो बाबा." एवढंच. पण दवाखान्यातलं बोलणं नातेवाइकांत पसरलं. 'आईनं मीठ तोडलं होतं म्हणे पोरीचं.' ते वाक्य आमच्या घराभोवती एकवीस वर्षं फिरत राहिलं आणि मी ते फिरू दिलं.

तोंडानं जे केलं नाही ते हातानं करायला गेलो. हॉस्पिटलात छाती-पाठ थापायला शिकवत होते, आतला चिकटा सुटावा म्हणून. तळहात वाटीसारखा पोकळ धरायचा आणि ठेक्यात थापायचं. संगीताचा हात लहान, नरेशला घाई. मी म्हणालो, "मी करतो." शिकवणाऱ्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "आजोबा, कुठं शिकलात?" मी म्हणालो, "मिठागरात." सकाळ-संध्याकाळ, एकवीस वर्षं, ती आजारी असो की परीक्षा असो. स्नेहल पालथी पडून पाढे म्हणायची. मी थापायचो आणि तिचा आवाज हलायचा, "बे ए-ए-ए-एक बे..." चौथी शिकलेल्या मला एकोणतीसचा पाढा येतो तो तिच्या पाठीमुळं. मी ठेका चुकलो की ती ओरडायची, "आजा, तेवीस सक एकशे अडतीसवर थांबलात!" शंभराच्या वरचा आकडा ऐकला की मी घाबरायचो, ते तिला माहीत होतं.

शाळेत तिचा डबा वेगळा. तांदळाची भाकरी, वर तुपाचा गोळा, मधे अंड्याचा पोळा. एक मुलगी म्हणाली, "तुझ्या डब्यातून तूप गळतं." ही म्हणाली, "तुझ्या डोक्यात थोडं गळलं असतं तर पहिली आली असतीस." वर्गात सगळ्यांसमोर कॅप्सूल घ्यायची, लपवायची नाही. कुणी विचारलं कसली गोळी, तर सांगायची, "जेवणाचं तिकीट. हे काढलं नाही तर जेवण आतून तसंच परत." एकदा घरी आली ती नाचतच. "आजा, बाईंनी माझ्या नावाचा अर्थ सांगितला! स्नेह म्हणजे माया. आणि स्नेह म्हणजे तेल-तूप पण. संस्कृतात!" मी म्हणालो, "मग?" ती म्हणाली, "मग काय, तुम्ही माझं नावच बंद केलं होतं." ती गमतीत बोलली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. म्हणजे तेव्हा, नऊ-दहा वर्षांची असताना, तिला काहीतरी माहीत होतं.

सरळ रेषेत काही गेलं नाही. चौदाव्या वर्षी तिनं जेवणावर राग धरला. "मी माणूस आहे की कोंबडी? सारखं खा, खा, खा." घरचं नको, पाकिटातले वेफर्स, क्रीमची बिस्किटं, केक. आम्हाला वाटलं, खातेय ना, वजन भरतंय ना, खाऊ दे. पण एक दिवस पोट दगडासारखं फुगलं, आतड्यात मळ अडकला, ओकाऱ्या. पंधरा दिवस हॉस्पिटल. पोट बरं होतं न होतं तो छाती भरली. तिथं आहाराच्या नव्या बाई होत्या, त्यांनी तिला एकटीला बसवून सांगितलं. त्या दिवसापासून पोरगी बदलली. मला घरी आल्यावर समजावलं ते तिच्याच शब्दांत सांगतो. "आजा, पोट आणि फुप्फुस ही एका चाळीतली दोन बिऱ्हाडं. आतड्यात जंतूंची वस्ती असते, चांगले, वाईट. वेफर्स-केकवर वाईट पोसतात. डाळ, भाजी, नाचणी, दही यावर चांगले पोसतात. पोटाच्या बिऱ्हाडात कचरा साठला की फुप्फुसाच्या बिऱ्हाडात वास जातो. कसा जातो ते डॉक्टर अजून शोधतायत, सगळं कळलेलं नाही. पण जातो." मी विचारलं, "मग तूप बंद?" तिनं कपाळावर हात मारला. "तुम्हाला बंद करायचाच नाद आहे! तूप चालूच. पण तूप घरचं, आणि सोबत भाजी."

त्यानंतर ती आहारशास्त्र शिकली, पनवेलला कॉलेजात. सगळ्या वर्षांत एकदाही पहिल्या बाकावर बसली नाही, कारण खोकला आला तर उठून बाहेर जायला दाराजवळचा बाक बरा. शेवटच्या वर्षाला सगळ्या मुली मोठमोठे विषय घेत होत्या, हिनं घेतलं आमचं स्वयंपाकघर. झालं असं, की हॉस्पिटलातून मिळणाऱ्या छापील कागदावर लिहिलेलं असायचं चीज, पीनट बटर, कसलीकसली फळं. संगीता तो कागद फ्रिजवर लावायची आणि बघत राहायची. स्नेहल म्हणाली, "आई, हा कागद आपल्या घरचा नाहीच. आपण आपला लिहू." दोघी ओट्याशी उभ्या. एक वजनकाटा, एक वही. भाकरी किती, वर तूप किती, सुकटीच्या चटणीत खोबरं किती, नारळाच्या दुधातलं कालवण, तिळाचा लाडू, ताकात मीठ, कडधान्याची उसळ वर कच्चं तेल. संगीता अंदाजपंचे टाकणारी, ही मोजणारी. "आई, चिमूट म्हणजे किती ग्रॅम?" "माझी का तुझी?" "तुझी." "बघ मग मोजून." हसायच्या. मी बाहेर बसून ऐकायचो. वीस वर्षं पोरीला खाऊ घालताना संगीतानं जे हातानं ओळखलं होतं ते पोरीनं कागदावर आणलं. वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहिलं आईचं.

ती वही फोनवरून फिरली. कुठल्या कुठल्या गावच्या आया हिला फोन करायच्या. खोकत खोकत ही सांगायची, पण प्रत्येकीला आधी एकच सांगायची, "तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझं ऐकू नका. प्रत्येक पोराचं माप वेगळं." रोडपालीहून एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती, सोबत सासू. सासूनं पोरीचं तूप बंद केलं होतं. ताठ बसलेली, माझ्यासारखीच. सून गप्प. स्नेहलनं त्या म्हातारीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आजी, तुमचं चुकलं ते मायेनंच चुकलं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण आता मी सांगितलंय. आता घरी जाऊन सुनेला एकदा म्हणा, माझं चुकलं. एवढं म्हटलं की घरातलं सगळं जेवण गोड लागतं." म्हातारी रडली. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता असं नंतर स्नेहल सगळ्यांना सांगायची, ते खोटं आहे. पण वाचत नव्हतो हे खरं.

त्या गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "आजा, तुम्ही कधी म्हणणार?"

"काय?"

"माझी जुनी फाइल वाचलीय मी. त्यात लिहिलंय, आईनं मीठ बंद केलं होतं. आईला विचारलं तर ती म्हणते, हो, मीच. पण आपल्या घरात काय बंद करायचं ते आई ठरवत नाही. कधीच ठरवत नव्हती."

मी म्हणालो, "जुन्या गोष्टी उकरून काय मिलनार? तू जगलीस ना?"

"मी जगले म्हणूनच मागते. माझ्यासाठी नाही. आईचं पोट हलकं होईल." मग हसून म्हणाली, "एवढीशी गोष्ट आहे, आजा. कॅप्सूलपेक्षा लहान. गिळून टाका."

मला गिळता आली नाही. मी चुकलो हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकवीस वर्षं रोज दोनदा पाठ थापताना मला दुसरं काही आठवत नव्हतं. पण सुनेसमोर उभं राहून ते शब्द... आमच्या पिढीच्या पुरुषाच्या तोंडात ते शब्द बसवलेलेच नाहीत. ही सबब आहे, मला कळतं.

गंमत बघा, सात वर्षांपूर्वी मला ब्लड प्रेशर निघालं आणि डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं. स्नेहलला कोण आनंद! स्वयंपाकघरात खड्याच्या मिठाची चिनीमातीची बरणी आहे, तिच्यावर तिनं चिठ्ठी चिकटवली, 'आजासाठी नाही'. पण संगीताच्या हाताला सवय. ताट वाढलं की वरच्या बाजूला चिमूटभर मीठ आधी पडणार, मोकळी जागा तिला बघवत नाही. मग स्नेहल जेवायला बसली की आधी माझ्या ताटात बोट घालणार, ती चिमूट उचलून स्वतःच्या ताटात नेणार. "तुमच्या वाटणीचं मला. हिशेब फिटला." रोज दोन वेळा, सात वर्षं. मी खिशात मिठाचे खडे ठेवायचो, उन्हाळ्यात ती खडीसाखरेसारखा एखादा चोखायची. 'आजाचं चॉकलेट' म्हणायची.

शेवटची भेट हॉस्पिटलात. ऑक्सिजन लावलेला, वजन फार उतरलेलं. छातीतल्या जंतूंना कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. परदेशात या आजारावर नव्या गोळ्या निघाल्यात म्हणे, त्या आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत. तिनं मला बघितलं आणि मास्क जरा बाजूला केला. "खिशात काय?"

"तुझं चॉकलेट."

नर्सला विचारून लहानसा खडा तिच्या जिभेवर ठेवला. तिनं डोळे मिटले. "कुठल्या वाफ्यातलं, आजा?"

"आपल्याच."

"खोटं. दुकानातलं आहे." डोळे उघडून हसली. "जीभ तुमचीच आहे माझी." थोडा वेळ दम घेतला. मग म्हणाली, "आईला सांगाल?"

मी म्हणालो, "तू घरी ये बाय, मग सांगतो."

"म्हणजे नाही," ती म्हणाली. रागानं नाही. थकलेल्या मास्तरानं पोराची पाटी परत द्यावी तशी. आणि माझ्या हाताची वाटी करून स्वतःच्या छातीवर ठेवून घेतली. थापण्याएवढी ताकद त्या छातीत उरली नव्हती. मी नुसता हात ठेवून बसलो.

आमच्या घरात सुतकात अळणी जेवण असतं. तेराव्याला गोडाचं करतात, मग मीठ सुरू. तेराव्याला वीस-पंचवीस माणसं पंगतीला होती. संगीता वाढत होती, बसणार नाही म्हणाली. माझी धाकटी बहीण चंद्रा माझ्या शेजारी. तिनं उसासा टाकला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नशीब पोरीचं. बारपनीच आईनं मीठ तोरलं नसतं तं आंगानं धरली असती..." संगीताच्या हातातली पळी तिथंच थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. एकवीस वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. खाली वाकली आणि पुढच्या ताटात वरण वाढलं.

मी म्हणालो, "चंद्रे, मीठ मी तोडलं."

चंद्रा म्हणाली, "कय बोलतोस दादा?"

"मी तोडलं. तूपबी मीच तोडलं. हिनं दवाखान्यात माझं नाव घेतलं नाय. माझ्या वाटनीचं बोलनं एकवीस वरसं हिनं खाल्लं. मी तिथंच बसलेलो होतो." आणि मग ते शब्द, जे कॅप्सूलहून लहान होते. "संगीता, माझं चुकलं."

नरेश ताटाकडं बघत होता. संगीता माझ्यापुढं आली, माझ्या ताटात एक पळी वरण वाढलं आणि आत निघून गेली. सगळे उठल्यावर ती जेवायला बसली तेव्हा मी दारातून बघितलं. सुतक संपलं होतं, पण तिच्या ताटात वरच्या बाजूला जागा मोकळी होती. स्नेहल गेल्यावर माझ्या ताटात मीठ घालायची सवय मोडली, तसं तिनं स्वतःचंही मीठ सोडलं होतं. अळणी भात कालवून चार घास खाल्ले आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. आंघोळ केली, स्वयंपाकघरात गेलो. त्या ओट्याशी मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो, तांदूळ कुठल्या डब्यात ते शोधण्यातच वेळ गेला. पेज शिजवली. तीच, मी पोरीला देववलेली, पातळ. मग बरणी खाली काढली. 'आजासाठी नाही' ही चिठ्ठी अजून तशीच आहे, एक कोपरा तेवढा सुटलाय. झाकण उघडून खडे मुठीत चुरले आणि पेजेत टाकले. वरून तूप सोडलं, चमचाभर, मग अजून एक. संगीता आली तेव्हा वाटी टेबलावर होती. ती वाटीकडं बघत उभी राहिली.

मी म्हणालो, "खा बाय."

ती बसली. एक घास घेतला. "बाबा, खारट झालीय."

"मिठागरवाल्याचा हात हाय," मी म्हणालो. "राहू दे, दुसरी करतो."

"नको," ती म्हणाली, आणि वाटी जवळ ओढून घेतली.